ते व्रत नव्हते

मागच्या नारळी पौर्णिमेला मी एका भरल्या ताटासमोर बसून खोटे बोलले आणि ते खोटे पुढे पाच महिने मनात सलत राहिले. त्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते आणि विणकरांच्या घरोघरी पाहुणे असतात. शाळेतल्या एका धाकट्या सहकारी बाईंनी मला आग्रहाने घरी जेवायला नेले होते. त्यांच्या आईला सगळी गल्ली अम्मा म्हणते. अम्मांनी स्वतः वाढले. भात, त्यावर पप्पू, म्हणजे डाळीचे वरण, वाटीत पच्चि पुलुसु आणि कडेला तूप सोडलेली भक्षालु, म्हणजे आपली पुरणपोळी. पप्पूवर नुकतीच ओतलेली फोडणी अजून चरचरत होती आणि तीत तपकिरी झालेल्या लसणाच्या पाकळ्या दिसत होत्या. पुलुसूमध्ये चिंचेच्या कोळावर बारीक चिरलेला कच्चा कांदा तरंगत होता. वासाने तोंडाला पाणी सुटले आणि त्याच क्षणी बेंबीच्या डाव्या बाजूला ती ओळखीची ओढ जाणवली. अजून एक घासही घेतलेला नव्हता. मी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "अम्मा, मी कांदा-लसूण खात नाही."

अम्मांचा पळीचा हात हवेतच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटल्यासारखे झाले. मग त्यांनी विचारले, "व्रत आहे का बाई?" मी म्हणाले, "हो."

त्या "हो"बरोबर त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. व्रताला त्या घरात मान होता. त्यांनी लगेच दुसरे ताट घेतले, साधा भात, तूप आणि मीठ वाढले आणि शेजारच्या बाईला तेलुगूत कौतुकाने काही सांगितले. त्यांचे ते कौतुक मला टोचले आणि त्याआधी चेहरा मिटला होता तो क्षण त्याहूनही जास्त टोचला. आपल्याकडे एखाद्याच्या घरचे अन्न नाकारणे ही कधीच नुसती पोटाची गोष्ट नसते. कोण कोणाकडे जेवते आणि कोण जेवत नाही, याचा फार जुना आणि फार कडू हिशेब आपल्या समाजात आहे. कांदा-लसूण न चालणारी पाहुणी आपल्या घराला काय समजते, हा प्रश्न अम्मांच्या मनात त्या क्षणभरात येऊन गेला असणार, आणि मी त्याला खरे उत्तर न देता देवाला पुढे केले.

खरे कारण आतड्याचे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणतात. मराठीत त्याला घरगुती नाव नाही आणि मला वाटते, तो न सांगण्याचे निम्मे कारण तिथेच आहे. कळ येते, मुरडा मारतो, पोटाला गुबारा धरतो, पोट साफ होत नाही, असे तुकड्यातुकड्यांचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. साखर वाढली, बीपी वाढले, हे शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सांगता येते. सकाळपासून चार वेळा जावे लागले आणि तरी पोट मोकळे वाटत नाही, हे कोणासमोर सांगायचे?

माझे दुखणे २०१८च्या मे महिन्यात सुरू झाले. एका लग्नाहून आल्यावर जुलाब आणि ताप आला, दोन सलाइन लागली आणि आठवड्याने सगळे बरे झाले. पोट मात्र पूर्वीसारखे झाले नाही. आतड्याचा एखादा तीव्र संसर्ग होऊन गेल्यावर काही जणांना हा विकार जडतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मधल्या काळात मी तपासण्या करत राहिले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने आतडे पाहून झाले, आणि प्रत्येक वेळी पाकिटातून एकच वाक्य निघाले: सगळे नॉर्मल आहे. एका ठिकाणी मला सांगण्यात आले की मी फार विचार करते, मन रमवावे. त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आपल्याला काही गंभीर नाही याचा आनंद झाला आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही याचे दुःखही झाले. कोणती भावना मोठी होती, ते आजही सांगता येत नाही.

त्या वर्षांत माझे जग स्वच्छतागृहांच्या नकाशावर चालत असे. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुली, आणि फळ्याकडे वळताना पोटात उठलेली कळ. खडू हातात धरून मी श्वास रोखून उभी राहिले आहे आणि मुलींना वाटले आहे की बाई पुढची ओळ आठवत आहेत. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचे असेल तर आदल्या संध्याकाळपासून जेवण बंद. नातेवाइकांकडे मुक्कामाला जायचे तर त्यांच्याकडे नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, हे आधी आडवळणाने विचारून घेणे, कारण आपल्या शहरात पाणी रोज येत नाही आणि दुसऱ्याच्या घरच्या साठवलेल्या पाण्यातून चार वेळा बादली भरून नेताना जीव अर्धा होतो. हा त्रास कोणत्याही रिपोर्टात येत नाही.

शेवटी ज्या डॉक्टरांनी मला ऐकून घेतले, त्यांनी आधी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. शौचातून रक्त जाते का, वजन आपोआप घटले आहे का, रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का. वयाच्या पन्नाशीच्या आसपास असा त्रास नव्याने सुरू झाला असता तर त्यांनी वेगळ्या दिशेने तपास केला असता, असेही ते म्हणाले. हिमोग्लोबिन, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजारासाठी रक्ताची चाचणी आणि आतड्याची सूज दाखवणारी शौचाची चाचणी एवढे केले आणि मग त्यांनी निदान सांगितले. हे निदान इतर सगळे वगळून हताशपणे करायचे नसते, त्याची स्वतःची लक्षणे ठरलेली आहेत. आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे, ते दुखणे शौचाशी जोडलेले असणे, शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललेले असणे आणि हे महिनोन् महिने चालणे. मग त्यांनी कागदावर आतड्याची एक नळी काढली आणि तिच्या भिंतीत ठिपके दिले. तिथे १० कोटींहून अधिक चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत बोलत असते. तुमच्या आतड्यात जखम नाही, पण त्या बोलण्याचा आवाज वाढलेला आहे, असे ते म्हणाले. इतरांना ज्या वायूची जाणीवही होत नाही, तो तुम्हाला कळ म्हणून ऐकू येतो. मी त्यांच्यासमोर रडले. दुखणे खरे आहे, एवढेच वाक्य मला हवे होते.

आहाराचे काम एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली फॉडमॅप नावाची पद्धत त्यांनी मला समजावली. काही विशिष्ट शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढत पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांना आंबवून वायू तयार करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होते, ज्याच्या चेतातंतूंचा आवाज वाढलेला आहे त्याला ते सोसत नाही. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांत त्यांचेच दुसरे भावंड, दुधात लॅक्टोज, आंब्यात जास्तीचे फ्रुक्टोज, बिनसाखरेच्या च्युइंगमात सॉर्बिटॉल. ही यादी ऐकताना मला आमचे अख्खे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे दिसत होते. करमाळ्याकडची बाजार आमटी, जिच्यात चार-पाच डाळी एकत्र शिजतात आणि वर लाल तर्री तरंगते, ती माझी सर्वांत आवडती होती. मी विचारले, "मग मी खाऊ काय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सोलापूरच्या ना? मग ज्वारी खा."

त्या वाक्याने मला किती धीर आला, हे लिहून सांगता येणार नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी, जिच्यावर हा जिल्हा जगला आणि जी अलीकडे आमच्या घरातून पोळीच्या मागे गेली होती, तीच या आजारात चालणारी निघाली. कडक भाकरी चालते. ती बोटांनी मोडताना होणारा कट्कन आवाज आणि तोंडात विरघळण्याआधीचा तिचा किंचित भाजका वास, एवढ्यावर मी पहिले चार आठवडे काढले. शेंगदाणाही निर्दोष निघाला. शेंगाचटणी सोसत नव्हती ती लसूण आणि तिखटामुळे. मी उखळात दाणे, जिरे, मीठ आणि रंगापुरते तिखट घालून कुटायला बसले. दाण्यांना तेल सुटून उखळीच्या तळाशी चटणीचा तांबूस लगदा चिकटू लागतो, तो क्षण लसणाशिवायही तसाच येतो. चव तशीच आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक जागा रिकामी आहे आणि जीभ ती प्रत्येक वेळी शोधते.

दुरेघी वहीत मी रोज लिहीत होते: काय खाल्ले, किती, कधी, कळ किती, झोप किती, शाळेत काय झाले. तिसऱ्या आठवड्यात जुन्या आठवणी त्या वहीशी ताडून पाहताना एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या वर्षांत माझे पोट एकादशीला नेहमी शांत असे. आई म्हणायची, पांडुरंगाची कृपा आहे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातले, तेव्हा घरात ही कृपा गृहीतच धरलेली होती. आता पाहिले तर एकादशीच्या ताटात गहू नाही, कांदा-लसूण नाही, डाळ नाही. साबुदाणा, बटाटा, दाणे, भगर, एवढेच. मी हे आईला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग त्यानेच नाही का दाखवून दिले?" मी त्यावर काही बोलले नाही. मला दोन्ही पटते.

चार आठवड्यांत कळा निम्म्यावर आल्या. आणि इथे मी चूक केली. या पद्धतीत वगळण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक पदार्थगट तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात परत आणून पाहायचा आणि आपल्याला नेमके काय व किती सोसते हे ठरवायचे असते. मी परत आणलेच नाही. मला सुटका मिळाली होती आणि ती पुन्हा हातची जाईल या भीतीने मी आठ महिने भात, भाकरी, दुधीभोपळा आणि काकडी यांच्या कुंपणात राहिले. वजन उतरले, केस गळू लागले, मी कोणाकडे जेवायला जाईनाशी झाले. आहारतज्ज्ञ बाई त्या भेटीत रागावल्या. ज्या शर्करा तुम्हाला त्रास देतात, त्याच तुमच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे अन्न आहेत, त्यांना किती दिवस उपाशी ठेवणार, असे त्यांनी विचारले. मग आम्ही एकेक पदार्थ परत आणला. तुरीच्या वरणाची लहान वाटी सोसली. रात्री लावलेले घरचे दही सोसले, दूध पेलाभर नाही, पण चहापुरते चालले. गव्हाची एक पोळी चालली, तीन नाही. आंब्याच्या दोन फोडी चालल्या आणि त्या दिवशी मी वहीच्या समासात फूल काढले. हरभरा आणि राजमा चालले नाहीत. कांदा अजिबात नाही. कांद्याची पात हिरव्या भागापुरती चालली आणि लसणाला एक मार्ग निघाला: फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. आख्ख्या पाकळ्या तेलात परतून, त्यात पाण्याचा अंश जाण्याआधी काढून टाकल्या, तर वास तेलात राहतो आणि त्रास पाकळीबरोबर बाहेर जातो.

गोळ्या-पुरकांबद्दल थोडेच सांगते, कारण त्यांच्यावर मी गरजेपेक्षा जास्त पैसे घालवले आहेत. इसबगोल उपयोगी पडले. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून, पेलाभर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवत. ते पाण्यात फुगून मऊ लगदा होते आणि जुलाब व बद्धकोष्ठ या दोन्ही बाजूंना सावरते. गव्हाचा कोंडा मात्र माझ्या पोटाला काट्यासारखा लागला. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करतात. त्यांचे आवरण आतड्यात विरघळण्यासाठी असते, म्हणून त्या चावायच्या नाहीत, नाहीतर छातीत जळजळते. प्रोबायोटिक मी बारा आठवडे नेमाने घेतले, फरक दिसला नाही, थांबवले. रात्री घ्यायची चूर्णे मी सोडली, कारण पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते आणि ती आतड्याला ढकलत राहते. डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिनचा अगदी लहान डोस सुचवला तेव्हा मी हादरले, कारण ते नैराश्याचे औषध म्हणून मला माहीत होते. त्यांनी समजावले की इतक्या कमी मात्रेत ते आतडे आणि मेंदू यांच्यातला आवाज खाली आणते, आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ४६३ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला आहे. मी ते सहा महिने घेतले. घरात ती पट्टी मी सुरुवातीला कपाटाच्या आत ठेवत होते, पुढे पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवू लागले.

सगळ्यांत जास्त फरक सकाळच्या वेळेने केला, असे मला आता वाटते. पूर्वी मी सहाला उठून, उपाशीपोटी कडक चहा पिऊन, साडेसहाला धावत सुटायची. आता पाचला उठते. कोमट पाणी, थोडे खाणे आणि मग अर्धा तास काहीही न करता बसणे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हलू लागते, त्याला तेवढी सवड हवी असते. त्यानंतर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, पण पहाटे पाण्यावरून येणारा वारा थंड असतो, आणि मंदिराच्या बाजूने घंटेचा आवाज येत असतो. पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायला मी तिथेच शिकले. काही सकाळी एवढे सगळे करूनही कळ येते. परीक्षांच्या आठवड्यात येतेच. तेव्हा मी वहीत लिहिते आणि स्वतःवर आरोप करत नाही, निदान न करण्याचा प्रयत्न करते.

पण हे सगळे मला नीट माहीत असताना मी त्या दिवशी व्रत म्हणाले होते.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेची, गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, मी अम्मांकडे गेले. जाताना माझ्या हातची शेंगाचटणी डब्यात घेतली. अम्मा उंबऱ्याजवळच्या उजेडात मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. ओलसर तेंदूच्या पानावर चिमूटभर तंबाखू, अंगठा आणि तर्जनीची एक पीळ, टोक आत दुमडणे, दोऱ्याचे दोन वेढे. एवढे व्हायला मला एक ओळ वाचायला लागेल त्याहून कमी वेळ लागत होता. पंचवीस विड्या झाल्या की त्यांचा एक कट्टा, आणि ओठ हलत नसले तरी त्यांची मोजणी चालू असते, हे मला त्यांच्या लेकीने सांगितले होते. अम्मांनी हात धुतले, चटणीची बोटभर चव घेतली आणि म्हणाल्या, "बाई, लसूण विसरलात."

पौष महिना होता. कुठलेही व्रत पुढे करता आले असते. मी म्हणाले, "विसरले नाही अम्मा. मला सोसत नाही. पोटाचा आजार आहे. त्या दिवशीही व्रत नव्हते." आणि मग मी सगळे सांगितले, वर्गातले, बादलीचे, गोळ्यांचे. अम्मा सूप पुन्हा मांडीवर घेऊन वळत राहिल्या. मी थांबले तेव्हा त्यांनी कट्टा बांधला, बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "पोटाचं होतं तर पोटाचं सांगायचं. देवाचं कशाला सांगितलं?" त्यांच्या आवाजात राग होता आणि तो मला मिळायलाच हवा होता. थोड्या वेळाने त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की सुपावर बसायचे म्हणून त्याही वर्षानुवर्षे सकाळी पाणी पीत नव्हत्या. हजार विड्या पुऱ्या व्हायच्या तर मधे उठून चालत नाही. पोट त्यांचेही दुखे. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले आणि विचारले, "काय चालतं ते आता नीट सांगा." मी तेलाची गोष्ट सांगितली. त्यांना ती एकदाच सांगावी लागली. त्यांनी छोट्या कढईत तेल तापवले, लसूण सोलून आख्ख्या पाकळ्या सोडल्या आणि त्या कडेने तांबूस होईपर्यंत पळी हलवत उभ्या राहिल्या. घरभर तोच वास पसरला. मग गॅस बारीक करून त्यांनी झाऱ्याने एकेक पाकळी वर काढली, तेल निथळू दिले आणि बशीत ठेवली. शेवटी बशी माझ्यासमोर धरली, बोटाने पाकळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "सहा टाकल्या होत्या, सहा आहेत. आता बसा जेवायला."